फी माफ

जयसिंगपुरात डॉक्टर सन्मती चौगुल्यांची फी बुडवणारे पुष्कळ होते. पण फी नाही म्हणून डॉक्टरांनी कुणाला पायरीवरून परत पाठवलं, असं सांगणारा माणूस आठव्या गल्लीत काय, अख्ख्या गावात सापडला नसता. तेच डॉक्टर उतारवयात सख्ख्या दोस्ताच्या मागं आठ हजारांसाठी हात धुऊन लागले, तेव्हा गावानं तोंडात बोटं घातली. म्हातारपणी माणसाला पैशाची चटक लागते, असं कट्ट्यावर बसून लोकांनी ठरवूनसुद्धा टाकलं. लोकांचं काय जातंय ठरवायला?

आधी ही आठ हजारांची भानगड सांगायला हवी. एव्हाना दिवस असे आले होते, की मोठ्या आजारावर औषध निघालेलं असे, पण ते विम्याशिवाय कुणाच्या बापाला परवडत नसे. विमा हवा तर कंपनी गावातल्या एखाद्या डॉक्टरचा रिपोर्ट मागायची. डॉक्टर तो कंपनीच्या ॲपवर भरायचा, वेळ जायचा, जबाबदारी अंगावर यायची, म्हणून त्याची वेगळी फी होती. ती पेशंटनं भरायची. सरकारनं मर्यादा घातली होती आठ हजारांची. डॉक्टरनं रिपोर्ट संपवला की शेवटी रकमेचा चौकोन यायचा आणि त्याच्या बाजूला एक हिरवं बटण. त्यावर लिहिलेलं असे, 'माफ'. कंपनीनं स्वतःहून एवढं दयाळू बटण का ठेवलं असेल, हा प्रश्न कुणाला पडला नाही. चांगुलपणाची सोय करून दिली की माणूस फार चौकशा करत नाही.

सन्मती डॉक्टर मिरजेला शिकले, तेव्हा त्यांच्या गुरुजींनी त्यांना एक रीत घालून दिली होती. "धडधाकट माणूस कागद मागायला आला तर खुशाल पैसे घे. पण ज्याचं काही खरं नाही, त्याच्याकडून कागदाचे पैसे घेऊ नको. त्या बिचाऱ्याला पुढं खर्च आहेच." मिरज-सांगलीच्या पट्ट्यातले झाडून सारे जुने डॉक्टर ही रीत पाळत. कुणी बोलून दाखवत नसे. डॉक्टरांनी ती पुढं निलोफरला शिकवली. डॉक्टर निलोफर नदाफ त्यांच्या हाताखाली सहा वर्षं होती, आता अकराव्या गल्लीत तिचा स्वतःचा दवाखाना होता. ती अजूनही त्यांना 'सर' म्हणायची आणि ते काय करतात तेच करायची.

आणि दोस्त म्हणजे बाबगोंडा मगदूम. भडंगवाला. पोरवयात दोघं एका बाकावर बसले, पुढं एक मिरजेला डॉक्टर व्हायला गेला आणि दुसरा बापाच्या भट्टीवर. सन्मतीच्या होस्टेलवर दर महिन्याला एसटीतून भडंगाचा डबा जायचा. सन्मतीनं दवाखाना काढला तेव्हा पेशंटना बसायला बाकडी बाबगोंडानं आणून टाकली. त्यानंतर चाळीस वर्षांत बाबगोंडाच्या घरातलं बाळंतपण, ताप, मोडलेला हात, काय काय या दवाखान्यात आलं, पण फीचा शब्द दोघांत कधी निघाला नाही. जाताना बाबगोंडा दारात एक डबा ठेवून जायचा. तेवढंच. डॉक्टरांची बायको वारल्यावर तर रविवारचं जेवणही मगदुमांच्या घरूनच यायला लागलं. डॉक्टरांना या जगात आपलं म्हणावं असं ते एक घर उरलं होतं.

दिवाळीच्या सुमारास बाबगोंडा खोकत आला. "भट्टीचा धूर रे. दे काय तर गोळीबिळी."

डॉक्टरांनी पाठीला नळी लावली. फुफ्फुसाच्या तळाशी, श्वास आत जाताना, बारीक चरचर. हा आवाज त्यांनी अनेक पाठींवर ऐकला होता आणि त्यातला एकही माणूस आता हयात नव्हता. फुफ्फुस हा मऊ स्पंज असतो. या आजारात तो आतून वाळत जातो, चिवट होतो, आणि माणूस वाऱ्यात बसूनही गुदमरतो. स्कॅन केला, त्यातही तेच आलं.

पण आता यावर इलाज निघाला होता. माणसाच्याच कातडीतल्या पेशी काढायच्या, त्यांना प्रयोगशाळेत उलटं बालपणाकडं न्यायचं, म्हणजे त्या हव्या त्या अवयवाच्या बनू शकतात. मग त्यांची वाफ करून ती श्वासातून आत सोडायची. पेशी जाऊन स्पंजाला चिकटतात आणि नवं फुफ्फुस धरू लागतं. पुण्यात होत होतं. खर्च सव्वा कोट. बाबगोंडानं भट्टी, घर, जागा सगळं फुंकलं असतं तरी निम्मंही जमलं नसतं. विमा मिळाला तर माणूस जगणार, नाही मिळाला तर वर्षभरात जाणार. हिशेब एवढा साधा होता.

"आजार झाल्यावर विमा देत्यात व्हय?" बाबगोंडानं विचारलं.

"देतात आता. आजाराचं नाव बघून नाकारायचं नाही, असा कायदा झालाय."

"मग घाबरतोस कशाला?"

"मी कुठं घाबरलोय?" डॉक्टर म्हणाले.

घाबरण्याचं कारण असं, की कंपन्यांनी नाव बघणं सोडलं आणि 'एकूण जोखीम' बघायला लागल्या. ती काढायचं यंत्र होतं, त्याला 'चाहूल' म्हणत. ते एकाच आजाराच्या दोन माणसांतल्या एकाला विमा द्यायचं आणि दुसऱ्याला नाही. का, ते कुणालाच सांगता येत नसे. डॉक्टरांची भाची ऋजुता पुण्यात एका विमा कंपनीत गणिती होती आणि चाहूल बनवणाऱ्यांपैकीच होती. डॉक्टरांनी तिला रविवारी जेवायला बोलावून घेतलं.

दिवस मावळायच्या आत जेवायची त्या घरात पद्धत. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन ताटांवर आलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "रिपोर्ट कसा लिहिला म्हणजे तुमचं यंत्र हो म्हणेल?"

ऋजुता भाकरी मोडत हसली. "मामा, रिपोर्ट कोण वाचतंय? सगळे डॉक्टर सारखंच लिहितात. प्रकृती ठीक, औषधं चालू. रक्त, स्कॅन, जनुकं सगळं बघून झालं, तरी आमचे अंदाज चुकायचेच. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की पेशंटकडं बघणं सोडा, डॉक्टरकडं बघा."

"म्हणजे?"

"तुम्ही माणूस दारातून आत येताना बघता आणि तुम्हाला कळतं. तो चपला कशा काढतो, वाकताना कुठं हात टेकतो. तीस वर्षं पेशंट बघितलेल्या डॉक्टरला जे कळतं ते कुठल्या मशीनला कळत नाही. तुम्ही ते लिहीत नाही, पण ते लपत पण नाही. रिपोर्ट भरताना कुठं थांबला, कुठला शब्द खोडला, सगळं ॲपवर उमटतं. आम्ही हजारो डॉक्टरांचं असलं सगळं चाहूलला दिलं आणि पुढं कोण मेलं कोण जगलं ते दिलं. म्हटलं, तूच शोध काय कशाला लागू पडतं. आणि तिला एकच गोष्ट सापडली, जी बाकी सगळ्यांपेक्षा बिनचूक आहे."

"कुठली?"

आपण जास्त बोललो हे ऋजुताच्या ध्यानात आलं. पण समोर ज्यानं लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली तो मामा होता. ती खाली बघत म्हणाली, "फी. ज्याची फी डॉक्टर माफ करतो, तो वाचत नाही."

डॉक्टरांचा घास हातातच राहिला.

"का माफ करतात ते चाहूलला माहीत नाही," ती म्हणाली. "तिला कारणाशी देणंघेणं नाही. माफ दिसलं की ती नाही म्हणते."

शाळेतल्या रजपूत बाई डॉक्टरांना आठवल्या. चौथ्या गल्लीतला लोहार आठवला, ज्याची पोरगी रिपोर्ट नेताना पाया पडली होती. त्या दोघांना विमा नाकारला तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन सांत्वन केलं होतं, कंपनीला शिव्या घातल्या होत्या. आणि नाकारलं कुणी होतं? त्यांनी स्वतः, या बोटानं, हिरवं बटण दाबून. ते ताटावरून उठले आणि मोरीत जाऊन हात घासून घासून धुतले.

परत आले तेव्हा ऋजुता रडवेली झाली होती. "मामा, कुणाला बोलू नका. माझी नोकरी जाईल."

"नोकरी जाऊ दे खड्ड्यात. मी सगळ्या डॉक्टरांना सांगणार."

"सांगा की. आठ दिवसांत सगळे पूर्ण फी घ्यायला लागतील, आणि चाहूल दर आठवड्याला नव्यानं शिकते. तिला कळेल की फीत आता राम नाही. मग ती दुसरं काहीतरी पकडेल, आणि ते मलाही माहीत नसेल." ती थांबली. "तुम्ही एकट्यानं केलं तर चालेल. तुमचं खोटं नाणं खपायचं असेल तर बाकीच्यांची खरी राहायला हवीत, मामा."

म्हणजे काय, ते डॉक्टरांना बरोबर कळलं. आपण एकट्यानं फी लावायची, आणि बाकीच्या भल्या डॉक्टरांनी माफ करत राहायचं. त्यांचे पेशंट नाकारले जात राहिले तरच आपला खपेल. असलं वाईट गणित त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. आणि तरीही, ऋजुताची गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत त्यांनी मनात ते मांडून टाकलं होतं. बाबगोंडा जगला पाहिजे. एकदा त्याचा विमा झाला की मग सगळ्यांना सांगू. तोवर तोंडाला कुलूप.

मंगळवारी निलोफर आली. दवाखान्यात शेवटचा पेशंट गेल्यावर ती समोरच्या बाकड्यावर बसली, पदवी मिळालेली बाई कमी आणि नापास झालेलं पोर जास्त दिसत होती.

"सर, माझे रिपोर्ट नाकारतायत. परवा एक बाई, त्याआधी एक रिक्षावाला. मी लिहिण्यात चुकतेय का?"

"कायतरी तांत्रिक असेल."

"मी तर फीसुद्धा घेतली नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही सांगितल्यासारखं."

आता बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात बाबगोंडाचा स्कॅन होता आणि त्यांचा गुडघा त्या खणाला टेकला होता. ते म्हणाले, "करत राहा. चांगल्याचं चांगलंच होतं." असं म्हणताना त्यांना स्वतःची किळस आली. निलोफरनं मात्र मान हलवली आणि जाताना खाली वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबगोंडाचा रिपोर्ट भरला. आजार होता तो खरा लिहिला. पण न थांबता, न खोडता, धट्ट्याकट्ट्या जवानाचा भरावा तसा एका दमात भरला. चौकोन आला. त्यांनी आकडा घातला, आठ हजार. हिरव्या बटणाकडं बघितलंसुद्धा नाही.

बाबगोंडाचा फोन बाहेरच्या बाकड्यावर वाजला, तो ते बघून हसत आत आला. "अरे सन्मत्या, तुझं मशीन येडं झालंय. मला फी लावतंय बघ."

"मशीन नाही. मी लावली."

"चेष्टा करतोस?"

"पैसे भरल्याशिवाय रिपोर्ट कंपनीला दिसत नाही. भरून टाक."

बाबगोंडा उभाच राहिला. त्याला धाप लागली होती, दोन वाक्यांच्या मध्ये थांबावं लागत होतं. "आठ हजाराचं काय न्हाई रे. आठ लाख माग, भट्टी विकून आणतो. पण फी? तू? मला?"

सांगून टाकावं, असं डॉक्टरांच्या जिभेच्या टोकावर आलं. पण बाबगोंडाच्या पोटात तीळ भिजत नसे. शिवाय रिपोर्ट गेल्यावर चाहूल स्वतः पेशंटला फोन करायची, गोड बाईच्या आवाजात पाव तास गप्पा मारायची आणि कुठं अडखळला ते टिपायची. डॉक्टरांबद्दल विचारल्यावर बाबगोंडाला खोटं बोलता आलंच नसतं. तो रागावलेला असला तरच खरा वाटणार होता. रागावू दे. नंतर पाय धरू त्याचे.

"हा धंदा आहे, बाबू," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांना लावतो तशी तुला लावली."

"सगळ्यांना लावतोस? त्या लोहाराला लावलीस?"

डॉक्टरांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"म्हणजे लोहाराला माफ आणि मला आठ हजार." बाबगोंडाचे डोळे भरून आले होते आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. "गरज सरो नि वैद्य मरो म्हणत्यात. हितं तर वैद्यालाच गरज लागली. माझ्या बाकड्यावर बसून लोकास्नी तपासलंस लेका, त्याचं भाडं न्हाई मागितलं कधी."

तो निघाला. दारात नेहमीच्या जागी डबा आणून ठेवला होता. तो वाकला, वाकताना भिंतीला धरलं, आणि डबा उचलून परत घेऊन गेला.

बाबगोंडाचा राग संध्याकाळपर्यंत टिकत नसे, हा चाळीस वर्षांचा अनुभव. पण या वेळी दिवस उलटले तरी पैसे आले नाहीत. डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला. दिवसागणिक फुफ्फुस वाळत होतं आणि रिपोर्ट अडकून पडला होता. त्यांनी ॲपवरून फीची आठवण पाठवली. मग पुन्हा पाठवली. मग न राहवून मगदुमांच्या घरी फोन केला. वैजयंता वहिनींनी उचलला.

"वहिनी, तेवढे पैसे भरायला सांगा त्याला. लवकर."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना रात्री झोप येत नाही. बसून असतात. त्यांना पैशासाठी फोन करता तुम्ही?" आणि त्यांनी फोन ठेवला. रविवारी डबा आला नाही. भट्टीवरच्या गड्यांनी गावात सांगितलं, गावानं त्याला तिखटमीठ लावलं. दवाखान्यात येणारी माणसं डॉक्टरांकडं वेगळ्या नजरेनं बघू लागली. एका म्हातारीनं तर गोळ्या घेता घेता तोंडावर विचारलं, "डाक्टर, मेल्यावर बरोबर न्यायचं हाय का समदं?"

डॉक्टरांनी ते सगळं गिळलं. बाबगोंडाच्या खात्यावर आपणच गुपचूप पैसे भरावेत, असंही त्यांच्या मनात आलं होतं. पण डॉक्टरनं स्वतःची फी स्वतः भरली, हे चाहूलला माफीपेक्षा मोठ्यानं ऐकू गेलं असतं. ते वाट बघत राहिले. माणूस शहाणा असला की त्याला वाटतं, सगळ्या बाजू आपण बघून ठेवल्यात.

पुढच्या आठवड्यात, सकाळच्या गर्दीत, बाबगोंडा आला. अभिनंदननं, त्याच्या पोरानं, त्याला धरून आणलं होतं. तोंड सुकलेलं होतं, ओठांना निळसर झाक आली होती, पण डोळ्यांत जुनी मिजास होती. बाकड्यांवरचे पेशंट बाजूला सरकले. तो आत येऊन खुर्चीत बसला, दम घेतला आणि फोन टेबलावर सरकवला.

"वाच."

डॉक्टरांनी चष्मा लावला. रिपोर्ट होता. तपासणारा डॉक्टर, निलोफर नदाफ. खाली फी, आणि फीच्या पुढं हिरव्या अक्षरांत, माफ.

"तुझ्याच हाताखालची पोरगी," बाबगोंडा म्हणाला. "अर्धा तास तपासलं मला. शेवटी डोळ्यांत पाणी आणलं तिनं. म्हटलं, बाई, फी किती? म्हणाली, काका, तुमच्याकडून घेतली तर सर मला काय म्हणतील? सर म्हणे." तो हसला आणि खोकला, खोकून थांबला. "परक्या घरची पोर. एक रुपया घेतला न्हाई."

"कंपनीला गेला का हा?" डॉक्टरांना स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"काल गेला. त्या फोनवाल्या बाईशी पण बोललो. लई गोड बोलती. म्हटलं, आमची डॉक्टरीण बघा, देवमाणूस हाय, आमच्याकडनं फी घेईना. खूश झाली ती."

एकदा गेलेला रिपोर्ट परत घेता येत नसे. एकदा आलेला नकार दोन वर्षं बदलत नसे, कुठल्याच कंपनीत. डॉक्टर दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले. निलोफर त्या बाकड्यावर बसली होती ती जागा त्यांना दिसत होती. एक वाक्य. फी घे, बाळ, सगळ्यांकडून घे. एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य त्यांनी बाबगोंडासाठी दडवून ठेवलं आणि त्यानंच बाबगोंडाचा गळा धरला.

आता सांगून काय मिळणार होतं? या माणसाला उरलेले महिने हे कळून काढावे लागले असते, की भल्या पोरीच्या मायेनं आपला जीव घेतला. त्यात आणखी निलोफरचं काय झालं असतं? सांगायची वेळ होती तेव्हा ते बोलले नाहीत आणि आता सांगणं म्हणजे स्वतःची सुटका तेवढी होती.

बाबगोंडा त्यांच्या तोंडाकडं निरखून बघत होता. "का रे, पांढरा पडलास? लाज वाटली काय?"

"वाटली," डॉक्टर म्हणाले.

"वाटू दे." बाबगोंडा पोराच्या खांद्याला धरून उठला. त्याला बरं वाटत होतं, ते दिसत होतं. दोस्ताला लाज वाटली म्हणजे तो अगदीच वाया गेला नव्हता. दारात थांबून तो म्हणाला, "बरा होऊन आलो की बघतो तुझ्याकडं. तवर बस पैसं मोजत."

नकार तिसऱ्या दिवशी आला. निलोफर रडत सांगायला आली, आणि डॉक्टरांनी तिला पाणी दिलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि काही बोलले नाहीत. आता तर बोलणं आणखीच अवघड होतं. बाबगोंडाच्या रिपोर्टनंतर त्यांच्याकडं विणकाम करणारा एक तरुण आला होता, किडन्या गेलेला, घरात दोन लेकरं. त्याला त्यांनी पूर्ण फी लावली होती. त्याच्या बायकोनं मंगळसूत्र गहाण टाकून पैसे भरले, जाताना दाराकडं वळून बोटं मोडली, आणि त्याचा विमा झाला. नाणं खपत होतं. ते खपत राहायचं तर अकराव्या गल्लीतलं हिरवं बटण दाबलं जात राहायला हवं होतं. कुणाचा जीव वाचवायचा आणि कुणाचा जाऊ द्यायचा, हे कुणी त्यांना विचारलं असतं तर ते सांगू शकले नसते. म्हणून ते आपल्याकडं येईल त्याला फी लावत राहिले आणि गावाच्या शिव्या खात राहिले.

बाबगोंडा उन्हाळ्यात गेला. डॉक्टर मगदुमांच्या घरी पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. वैजयंता वहिनींनी त्यांच्याकडं बघितलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. निलोफर बायकांच्यात बसली होती. तिला सगळ्यांनी जागा करून दिली होती.

तेरावा झाल्यावर अभिनंदन दवाखान्यात आला. लहानपणापासून तो त्यांना सन्मतीकाका म्हणायचा. या वेळी म्हणाला, "डॉक्टर, अप्पांची एक जुनी छोटी पॉलिसी होती. कंपनी मृत्यूचा रिपोर्ट मागतेय. चाळीस वर्षं तुम्हीच बघत होता, म्हणून तुमचाच पाहिजे म्हणे."

"बस," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी रिपोर्ट उघडला. मरणाचं कारण लिहिलं. या वेळी ते थांबले, खोडलं, पुन्हा लिहिलं. आता कुणाची भीती नव्हती, यंत्रानं काय वाचायचं ते वाचू दे. चौकोन आला. मेलेल्या माणसाची फी माफ केल्यानं आता त्याचं काहीच बिघडणार नव्हतं. चाळीस वर्षांत माफ करायला काही नव्हतंच; आता पहिल्यांदाच त्यांना बाबगोंडाला काही माफ करता येणार होतं. त्यांनी बोट हिरव्या बटणाकडं नेलं.

"नको," अभिनंदन म्हणाला.

डॉक्टरांनी वर बघितलं.

"फी लावा. अप्पा सांगून गेलेत." पोरगा शांतपणे बोलत होता, पाठ केल्यासारखा. "म्हणाले, सन्मतीची फी बुडवू नका. तो नड असल्याशिवाय मागणार नाही."

डॉक्टरांचं बोट तसंच राहिलं. म्हणजे अखेरीला त्यानं राग सोडला होता. राग सोडून त्यानं कारण शोधलं होतं, दोस्ताला शोभेल असं, आणि ते चुकीचं होतं. डॉक्टरांच्या तोंडातून हुंदका फुटला तो त्यांनी खोकल्यात लपवला. मग त्यांनी आठ हजारांचा आकडा घातला आणि रिपोर्ट पाठवला.

अभिनंदनच्या फोनवर तो आला. त्यानं लगेच पैसे भरले, उठला, आणि हात जोडले. दारात, नेहमीच्या जागी, एक भडंगाचा डबा ठेवलेला होता. डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले.

अभिनंदननं वाकून तो उचलला. "हा नदाफ बाईंचा," तो म्हणाला, "त्यांना द्यायला चाललोय," आणि पायऱ्या उतरून अकराव्या गल्लीकडं गेला.